ट्रेलर, इलेक्ट्रिक ट्रक आणि कॅम्पग्राऊंडची वीज

मा. संपादक,
स. न. वि. वि.

फोर्ड कंपनीने डिसेंबर २०२५मध्ये ‘एफ-१५० लाइटनिंग’ या पूर्णपणे विजेवर चालणाऱ्या पिकअप ट्रकचे उत्पादन थांबवत असल्याचे जाहीर केले. तेव्हापासून ‘अमेरिकेत इलेक्ट्रिक ट्रकचा प्रयोग फसला’ अशा सुराचे बरेच लिखाण मराठीतही वाचायला मिळते. त्यात एक कारण हटकून दिलेले असते: मागे ट्रेलर जोडला की बॅटरी निम्म्या वाटेतच संपते. हे विधान खोटे नाही. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही, आणि मी हे ऐकीव माहितीवर लिहीत नाही. आम्ही दोघे डेन्व्हरजवळ राहतो. निवृत्तीपर्यंत मी वीजवितरणात अभियंता होते. ट्रान्सफॉर्मर, फीडर, कोणाला किती भार मंजूर करायचा, हेच माझे रोजचे काम. यजमानांनी हौसेने घेतलेला २४ फुटी ट्रेलर आता आमच्या इलेक्ट्रिक ट्रकमागे कोलोरॅडो आणि युटामध्ये फिरत असतो.

हा प्रकार ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. या ट्रेलरला स्वतःचे इंजिन नसते. आत पलंग, ओटा, शेगडी, फ्रिज, न्हाणीघर आणि छतावर एसी. ट्रकच्या मागच्या हिचला, म्हणजे जोडकडीला, तो जोडायचा, राष्ट्रीय उद्यानाच्या वाटेवरच्या कॅम्पग्राऊंडवर उभा करायचा, तिथल्या खांबावरच्या वीजजोडणीला तार लावायची आणि चार दिवस राहायचे. अशा आणि स्वतःचे इंजिन असलेल्या फिरत्या घरांना इथे सरसकट आरव्ही म्हणतात. त्यांच्या कारखान्यांचे माहेरघर म्हणजे इंडियाना राज्यातले एल्कहार्ट. निवृत्त जोडप्यांपासून लहान मुले असलेल्या कुटुंबांपर्यंत लाखो लोकांची सुट्टी या ट्रेलरवर अवलंबून आहे. म्हणून ट्रक विजेवर गेले तर हे ट्रेलर कोण ओढणार, हा प्रश्न इथे अगदी घरगुती आहे.

आता हिशेब. लाइटनिंगच्या मोठ्या बॅटरीत १३१ युनिट वीज मावते आणि सरकारी चाचणीनुसार एकटा ट्रक तेवढ्यावर ३२० मैल, म्हणजे ५१५ किलोमीटर जातो. युनिटला जवळपास अडीच मैल. आमच्या ट्रकची बॅटरीही साधारण तेवढीच. मागे उभट पेटीसारखा ट्रेलर लावला की युनिटला एक मैल पडतो, वारा मागून असेल तर सव्वा. त्यातही प्रवासात बॅटरी कोणी काठोकाठ भरत नाही, कारण ८० टक्क्यांच्या पुढे चार्जिंगचा वेग मंदावतो, आणि कोणी शून्यापर्यंत उतरवतही नाही. ८० टक्क्यांपासून १५ टक्क्यांपर्यंतचा वापर धरला तर दोन थांब्यांमध्ये हाती येतात ते ८५ ते १०५ मैल. एवढ्यावर बेत आखायचा असतो.

पेट्रोलच्या ट्रकचे काय होते, तेही पाहा. एकटा असताना गॅलनला २० मैल देणारा ट्रक ट्रेलर ओढू लागला की ९-१० मैलांवर येतो. अंतर निम्म्यावर येणे त्यालाही चुकलेले नाही. पण त्याच एफ-१५०च्या पेट्रोलच्या रूपात ३६ गॅलनची टाकी मिळते. अमेरिकी पर्यावरण संस्था एका गॅलनमध्ये ३३.७ युनिट ऊर्जा धरते. म्हणजे त्या टाकीत १,२०० युनिट झाले, लाइटनिंगच्या बॅटरीच्या नऊपट. त्यातली बहुतांश इंजिनाच्या उष्णतेत जाते, तरी उरलेली पुष्कळ होते. शिवाय टाकी पाच-दहा मिनिटांत भरते, आणि भरताना मागचा ट्रेलर सोडावा लागत नाही. टाकीत किती ऊर्जा मावते हा निसर्गाचा नियम झाला. पण ट्रेलर न सोडता पेट्रोल भरता येते, कारण पंप कसा बांधायचा हे कोणीतरी विचार करून ठरवले आहे. चार्जिंगच्या बाबतीत तो विचार अजून झालेला नाही, आणि माझे सगळे म्हणणे त्याबद्दल आहे.

त्याआधी वाऱ्याबद्दल सांगायला हवे, कारण ट्रेलरचे वजन हाच शत्रू असे सगळे धरून चालतात. सपाट हमरस्त्यावर बॅटरी खातो तो वारा. आमचा ट्रेलर आठ फूट रुंद आणि जवळजवळ अकरा फूट उंच आहे. ट्रकच्या टपावरून तो चार फूट वर डोकावतो आणि ती सपाट भिंत आम्ही ताशी ६५ मैलांनी हवेत रेटत असतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ७० वरून ६० मैलांवर आलात तर तो चतुर्थांशाहून जास्त, साधारण २७ टक्के कमी होतो. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्या वाहनाला ५५ मैलांची मर्यादा कायद्यानेच घातलेली आहे, आणि मला ती सुरक्षिततेसाठी आणि बॅटरीसाठीही योग्य वाटते. आकाराचे महत्त्व या धंद्याला नवीन नाही. एअरस्ट्रीमचे गोलाकार, ॲल्युमिनियमचे ट्रेलर १९३०च्या दशकापासून आहेत, आणि १९४७मध्ये आल्फ्रेड लेटूर्नर या फ्रेंच सायकलपटूने त्यातला एक ट्रेलर चक्क सायकलने ओढून दाखवला होता. नंतर पेट्रोल स्वस्त राहिले, आत जागा जास्त हवी झाली, आणि बाजारात पेट्या आल्या. पेट्रोल असताना त्या परवडल्या.

वजनाचा त्रास होतो तो घाटात, पण तिथे विजेच्या ट्रकने मला खरोखर जिंकले. डेन्व्हर ५,२८० फुटांवर आहे. आय-७० महामार्गाने पश्चिमेला साधारण ६० मैलांवर आयझेनहॉवर बोगदा लागतो, त्याचे पश्चिमेकडचे तोंड ११,१५८ फुटांवर. आमचा ट्रक, ट्रेलर, पाणी, सामान आणि आम्ही दोघे मिळून साधारण ५,७०० किलो. हे सगळे १,८०० मीटर वर न्यायला, वारा आणि रस्ता बाजूला ठेवला तरी, २८ युनिट लागतात. चढताना आकडा भराभर उतरतो आणि पहिल्यांदा प्रवास करणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. पण त्या उंचीवर हवा विरळ झाली म्हणून विजेच्या मोटरची ताकद कमी होत नाही. साध्या पेट्रोल इंजिनाची होते. बोगद्यापलीकडे सिल्व्हरथॉर्नकडे सात टक्क्यांचा उतार आहे. ब्रेक निकामी झालेल्या मालट्रकांसाठी तिथे कडेला वाळूखडीचे चढ बांधून ठेवलेले आहेत, इतका तो उतार जबर आहे. तिथे आमची मोटर जनित्र होते, गाडीला धरून ठेवते आणि वीज बॅटरीत परत भरते. यजमानांचा पाय ब्रेकवर क्वचितच जातो. पूर्वीच्या पेट्रोल ट्रकमध्ये त्या उतारावर तापलेल्या ब्रेकचा वास यायचा आणि मी दाराची मूठ घट्ट धरून बसायचे. डोंगराळ मुलखात ट्रेलर ओढायला विजेसारखे दुसरे काही नाही, हे मी अनुभवाने सांगते.

मग गाडे अडते कुठे? पहिल्यांदा माहितीपाशी. ट्रक किती वजन ओढू शकतो हा आकडा इथे ‘एसएई जे२८०७’ या प्रमाणित चाचणीनुसार ठरतो. ॲरिझोनातला डेव्हिस धरणाजवळचा ११ मैलांहून लांब चढ, भर उन्हाळ्याचे तापमान, एसी पूर्ण चालू, आणि तरी वेग ठरावीक मर्यादेखाली येता कामा नये, अशी ती कडक परीक्षा आहे. लाइटनिंगला १०,००० पौंड, रिव्हियनच्या ट्रकला ११,००० पौंड, टेस्लाच्या सायबरट्रकलाही ११,००० पौंड असे आकडे कंपन्या देतात. पण ही परीक्षा ताकद, थंडावा आणि ब्रेक यांची आहे. अंतराबद्दल ती काहीही सांगत नाही. दुसरीकडे काचेवर चिकटवलेल्या सरकारी पत्रकात जे मैल छापलेले असतात ते ट्रेलर नसतानाचे. ग्राहक दोन्ही आकडे वाचतो आणि मनात एकत्र करतो: १०,००० पौंड, ३२० मैल. शोरूममध्ये त्याला कोणी थांबवत नाही. पहिल्याच सहलीत तो रस्त्याकडेला हताश उभा राहतो आणि पुढे आयुष्यभर इलेक्ट्रिक ट्रकविरुद्ध बोलत राहतो. ठरावीक आकाराचा ट्रेलर, ठरावीक वेग, आणि त्यावर मिळणारे मैल, एवढा एकच आकडा त्या पत्रकात छापणे सक्तीचे केले तर निम्मा राग निर्माणच होणार नाही. पेट्रोलच्या ट्रकलाही तो नियम लावावा.

दुसरी अडचण चार्जिंगच्या जागेची. पेट्रोलपंपावर गाडी एका बाजूने शिरते, दुसऱ्या बाजूने बाहेर पडते. जलद चार्जिंगची बहुतेक केंद्रे मात्र दुकानांच्या वाहनतळांत आहेत: समोर चार्जर, गाडीपुरता चौकोन, आणि आखूड तार. ट्रेलरसकट तिथे शिरलात तर मागचे तीस फूट वाटेत आडवे. मग तो सोडायचा. चाकांना अडण्या लावा, पुढचा जॅक खाली घ्या, वजन विभागणाऱ्या दांड्या काढा, साखळ्या, आणीबाणीच्या ब्रेकची तार, सात पिनांचा प्लग, सगळे काढा, ट्रक पुढे न्या. चार्ज झाला की हेच उलट क्रमाने, अंधार पडला असला तरी. यजमानांचे गुडघे आता तक्रार करतात. एकदा तर सोडलेला ट्रेलर कडेला ठेवला म्हणून तिथल्या रखवालदाराने आम्हाला निघायला सांगितले, तेव्हा बॅटरी चाळीस टक्क्यांवर होती. त्या मुलाचा मला राग आला नाही. ट्रेलर कुठे ठेवायचा याचे उत्तर त्या आराखड्यात नव्हतेच, तो तरी काय सांगणार?

२०२१च्या पायाभूत सुविधा कायद्याने महामार्गांवरच्या चार्जिंगसाठी पाच अब्ज डॉलर दिले. दर ५० मैलांवर केंद्र, प्रत्येकी १५० किलोवॅटचे चार चार्जर, असे नियम लिहिले गेले. प्लग कोणता, किती वेळ चालू असला पाहिजे, पैसे कसे घ्यायचे, सारे तपशील त्यात आहेत. ट्रेलरसकट आरपार जाता येईल अशी एक तरी जागा हवी, अशी सक्ती त्यात घातली नाही. कागदावर त्याला एकच ओळ लागली असती. काही खासगी केंद्रे आता आरपार जागा बांधू लागली आहेत. मालट्रकांसाठी असलेल्या मोठ्या थांब्यांवर तशा जागा दिसतात आणि तिथे आम्ही वीस-तीस मैल वाकडी वाट करूनही जातो.

तिसरी गोष्ट माझ्या धंद्यातली आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहिते. ट्रेलर घेऊन जाणारा माणूस रात्री कॅम्पग्राऊंडवर असतोच, आणि तिथे त्याच्या जागेवर विजेचा खांबही असतो. ५० अँपियर, २४० व्होल्टची जोडणी असेल तर १२ किलोवॅट. सलग चालणाऱ्या भारासाठी त्याच्या ८० टक्केच वापरायचे, म्हणजे ९.६ किलोवॅट. दहा तासांत ९६ युनिट! झोपेत पुढच्या दिवसाचा प्रवास भरून निघतो, जलद चार्जरचे तोंड पाहायची गरज नाही, ट्रेलर सोडून कुठे जायची गरज नाही. पेट्रोलवाल्याला ही सोय कधीच मिळणार नाही. कागदावर इलेक्ट्रिक ट्रक आणि कॅम्पग्राऊंड यांची जोडी देवानेच जुळवल्यासारखी आहे.

पण गेल्या उन्हाळ्यात एका कॅम्पग्राऊंडच्या व्यवस्थापकाने आम्हाला ट्रक लावायला स्पष्ट मनाई केली. ‘ट्रेलर लावा, ट्रक नाही,’ म्हणाला. यजमान वाद घालायला निघाले होते; मी त्यांना थांबवून त्या गृहस्थाला ट्रान्सफॉर्मर किती केव्हीएचा आहे, म्हणजे किती भार पेलतो, ते विचारले. त्याने नेऊन दाखवला. त्याचे बरोबर होते.

कारण असे. अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत संहितेत आरव्हीच्या तळांसाठी स्वतंत्र कलम आहे, ५५१. त्यात भाराचा हिशेब करताना सगळे खांब एकाच वेळी पूर्ण भार घेणार नाहीत असे गृहीत धरायला मुभा आहे. ३६ किंवा अधिक जागा असतील तर एकूण जोडलेल्या भाराच्या ४१ टक्के धरले तरी चालते. हे गृहीतक ट्रेलरसाठी शहाणपणाचेच होते. एसी चालू-बंद होतो, शेगडी अर्धा तास, पाण्याचा हीटर थोडा वेळ. आता १०० जागांचा एक तळ घ्या, प्रत्येक जागी १२ किलोवॅट. जोडलेला भार १,२०० किलोवॅट, पण तारा आणि ट्रान्सफॉर्मर ४९२ किलोवॅटच्या हिशेबाने टाकलेले. त्यातल्या ६० जणांनी संध्याकाळी सातला येऊन ट्रक लावले की तिथेच ५७६ किलोवॅट झाले, अजून एकही एसी सुरू झालेला नाही. व्होल्टेज पडते. व्होल्टेज पडले की शेजाऱ्याच्या एसीचा कॉम्प्रेसर जास्त करंट ओढून तापतो, आणि जळतो. त्याचे खापर ट्रकवाल्यावर फुटते. आणखी एक गोष्ट बाहेर कोणाच्या लक्षात येत नाही: ट्रान्सफॉर्मर दिवसभर तापतात आणि रात्री निवतात, त्यांचे आयुष्य त्या निवण्यावर टिकलेले असते. रात्रभराच्या चार्जिंगने त्यांची ती विश्रांती जाते.

यावर उपाय आहेत आणि ते अवघड नाहीत. सर्वांचा भार मिळून मर्यादेत राहील असे चार्जिंग आळीपाळीने कमी-जास्त करणारी नियंत्रणे बाजारात आहेत. साठ माणसांना दहा तासांत प्रत्येकी ५० युनिट दिली तरी सकाळी सगळ्यांचे भागते. रात्री सातला सर्वांना एकदम पूर्ण भार द्यायची गरज नाही. प्रत्येक जागेला मीटर बसवा आणि युनिटप्रमाणे पैसे घ्या. आम्ही आनंदाने देऊ. ट्रेलरच्या ठोक भाड्यात ट्रकची वीज फुकट मागणे मला पटत नाही. मालकाचे बिल फुगते आणि तो सरसकट बंदी घालतो. जुन्या तळांवर ३० अँपियर, १२० व्होल्टच्याच जोडण्या असतात, त्यातून रात्रभरात २९-३० युनिटच मिळतात. तीही आम्हाला पुढच्या चार्जरपर्यंत पोचवतात.

आता तंत्रज्ञान पुढे कुठे जाते आहे याबद्दल. मोठ्यात मोठी बॅटरी बसवायची, हा एक मार्ग. शेव्हरोलेच्या सिल्व्हराडोत २०० युनिटहून मोठी बॅटरी मिळते. पण तिचे वजन ट्रकच्या वाहनक्षमतेतून वजा होते आणि भरायलाही तेवढाच जास्त वेळ लागतो. दुसरा मार्ग आता डेट्रॉइटच्या मोटार कंपन्यांनी धरला आहे: चाके फिरवायची विजेने, आणि बॅटरी उतरली की पेट्रोलच्या इंजिनाने केवळ जनित्र चालवायचे. रॅम कंपनीचा असा ट्रक ९२ युनिटची बॅटरी, व्ही-६ इंजिनाचे जनित्र आणि १४,००० पौंड ओढण्याचा दावा घेऊन येतो आहे. फोर्डही पुढचा लाइटनिंग याच पद्धतीचा आणि ७०० मैलांहून जास्त पल्ल्याचा करणार आहे. चौदा हजार पौंडांचे घर ओढून वायोमिंगसारख्या विरळ वस्तीच्या राज्यातून जाणाऱ्यांसाठी हे योग्यच आहे. म्हणूनच मथळ्यांमधला ‘फसला’ हा शब्द मला खटकतो. ट्रेलर ओढायला विजेची मोटरच बरी, हे या कंपन्यांनी सोडलेले नाही. मोटर ठेवूनच त्या पुढे निघाल्या आहेत.

मला स्वतःला तिसऱ्या मार्गाची ओढ आहे: बॅटरी आणि मोटर ट्रेलरमध्येच बसवायची, म्हणजे तो आपले ओझे आपणच वाहील. जर्मनीच्या डेथलेफ्स कंपनीने २०२१मध्ये असा कॅराव्हॅन, म्हणजे ट्रेलरच, एका इलेक्ट्रिक गाडीमागे इस्नीहून आल्प्स ओलांडून इटलीतल्या गार्डा सरोवरापर्यंत, ३८६ किलोमीटर नेला, मध्ये कुठेही चार्ज न करता. थोर आणि एअरस्ट्रीम या आरव्ही बनवणाऱ्या कंपन्यांनी २०२२मध्ये ८० युनिटची बॅटरी आणि दोन मोटरी असलेला नमुना दाखवला. आमच्याच कोलोरॅडोतल्या लाइटशिप कंपनीचा ट्रेलर रस्त्यावर छत खाली घेतो आणि मुक्कामाला उंच होतो. वाऱ्याचे दुखणे त्यांनी मुळातून धरले आहे. किमती मात्र लाख डॉलरच्या पुढे आहेत, सामान्य निवृत्त माणसाला न झेपणाऱ्या. शिवाय हे ट्रेलरही रात्री त्याच खांबाला लागणार आहेत. एका जागेवर एकाऐवजी दोन बॅटऱ्या! तारांचा प्रश्न त्याने दुप्पट होईल.

या सगळ्यात एक सुख सांगायचे राहिले. सरकारी मोकळ्या जमिनीवर, जिथे वीज-पाणी काही नसते आणि साधारणपणे चौदा दिवस फुकट राहता येते, तिथे आम्ही ट्रकच्या बॅटरीवर ट्रेलर चालवतो. काही ट्रक ९.६ किलोवॅटपर्यंत वीज बाहेर देतात. फ्रिज, पंखे, दिवे आणि सकाळचा चहा यांना दिवसाकाठी फार थोडी युनिट लागतात. शेजारच्या जनित्रांची घरघर आणि धूर यांनी त्या वाळवंटातल्या रात्री नासलेल्या मी पाहिल्या आहेत, त्यामुळे याचे मोल मला फार वाटते.

आपल्या वाचकांपैकी अनेकांची मुले इकडे आहेत, काही जण स्वतः इकडे राहून आपले वृत्तपत्र वाचतात. त्यांच्यापैकी कोणी असा ट्रक घेणार असेल तर विक्रेत्याकडे ट्रेलर जोडल्यावरचे मैल मागावेत आणि तोंडी उत्तरावर समाधान मानू नये. कॅम्पग्राऊंडचे आरक्षण करण्याआधी फोन करून ५० अँपियरची जागा आहे का, तिथे ट्रक चार्ज करू देता का आणि त्याचे वेगळे पैसे किती, हे विचारावे. नकार मिळाला तर भांडू नये, कारण विचारावे. आणि ट्रान्सफॉर्मरचे कारण सांगितले तर वाढीव भारासाठी वीजकंपनीकडे अर्ज केला आहे का, तेही विचारावे. आठ-दहा गिऱ्हाइकांनी अशी विचारणा केली की मालक अर्ज करतात. वितरण कार्यालयात तशा अर्जांवर मी स्वतः सह्या केलेल्या आहेत.

आपली,
एक नियमित वाचक
डेन्व्हर, कोलोरॅडो